सातिवलीतली ईद

वसई स्टेशनवरून रिक्षाने गोखिवरे मागे टाकलं, की सातिवलीचे कारखान्यांचे गाळे सुरू होतात. ईदेला मशीनचा आवाज नसतो. खालांकडे आम्ही शिरखुर्म्याला जमलो. नव्हता तो फक्त त्यांचा धाकटा. तो शिकागोत.

फोनवर सांगत होता: नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिथे घरोघरी टर्की भाजतात, भोपळ्याचा गोड पाय करतात. त्यानेही गेल्या वर्षी हलाल टर्कीला खालांचा मसाला चोळला.

"कोरडी झाली असेल," खाला म्हणाल्या.

आम्ही आमची मास्तरकी केली: मिरची, बटाटा मुळात अमेरिकेचेच, 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांचा, आणि १७३९पर्यंत वसई त्यांचीच होती. खालांचं लक्ष नव्हतं. त्या एक वाटी शिरखुर्मा झाकून ठेवत होत्या.