मगरींचें माहेर

गोंदिया जिल्ह्यांतील सडक अर्जुनी हें तालुक्याचें गांव नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या राजमार्गाच्या सान्निध्यांत वसलेलें आहे. नांवांतील 'सडक' या शब्दामुळेंच तें दक्षिणेकडील अर्जुनी मोरगांवाहून वेगळें ओळखतां येतें. हा सारा मुलूख भाताचा व तळ्यांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं ओढ्यांना बांध घालून येथें ठिकठिकाणीं जलाशय निर्माण केले. प्रसिद्ध नवेगांवबांध हा त्यांपैकींच एक होय. या तळ्यांच्या मुलखांतून आम्ही दक्षिणेची वाट धरली, ती हेमलकसा येथील मगरी पाहण्याच्या हेतूनें. नवेगांवबांध, वडसा, आरमोरी, गडचिरोली हे मुक्काम मागें पडले आणि आलापल्लीच्या सागवनांत शिरल्यावर रस्त्यावरील वर्दळ सरली.

हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटे यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें तो वाढविला. आसपासचे माडिया लोक पोटासाठीं शिकार करीत. एकदां मारलेल्या माकडिणीला बिलगलेलें जिवंत पिलूं डॉक्टरांनीं मागून घेतलें, आणि तेथूनच प्राण्यांच्या अनाथालयाचा आरंभ झाला. पुढें बिबटे, अस्वलें, हरणें यांच्याबरोबर मगरींनाही तेथें आसरा मिळाला.

कांठावर पसरलेली मगर पाहून आमच्यांतील लहानग्यानें विचारलें, "ही खरी आहे कीं मातीची?" प्रश्न रास्त होता. मगरीच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. ती उन्हाकडून घ्यावी लागते. म्हणून ती तासन् तास निश्चल पडते. जबडा वासला म्हणजे पाहणाऱ्यास वाटतें, ही चवताळली. वस्तुतः तापलेलें अंग निवविण्याची ती एक रीत आहे. अशा प्राण्याची निगा राखावयाची म्हणजे पुरतें बुडतां येईल इतकें पाणी, ऊन खाण्यास कोरडा कांठ, दुपारीं सांवली आणि मादीस अंडीं पुरण्याजोगी मऊ माती, एवढें तरी पाहिजेच. तिला रोजचें जेवण लागत नाहीं. थंडींत तर भूक मंदावते. त्या वेळीं दयाबुद्धीनें चारलेला घास पोटांत न पचतां अपायच करतो.

मात्र सर्वांत मोठा अपाय प्रेक्षकांकडून होतो. एका मोठ्या शहरांतील प्राणिसंग्रहालयांत एक सुशिक्षित गृहस्थ मगरीस खडे मारतांना आम्हीं पाहिले आहेत. "हलत नाहीं म्हणून!" हा त्यांचा खुलासा. बरोबर त्यांचीं मुलें होतीं, आणि तीं हें सारें शिकत होतीं.

ज्या प्राण्यास आपण निर्दय म्हणतों त्याचें वात्सल्य मात्र पाहण्यासारखें असतें. अंड्यांतून पिलांचा आवाज येतांच मादी माती उकरते आणि त्यांना जबड्यांत अलगद धरून पाण्यांत नेते. मद्रासजवळ रोम्युलस व्हिटेकर यांनीं १९७६ सालीं स्थापिलेल्या मगर-केंद्रांत तर नरही हें काम करतांना आढळला. आणखी नवल असें कीं, पिलूं नर होणार कीं मादी, हें अंडें कोणत्या उष्णतेंत उबतें यावर ठरतें.

कातड्याच्या लोभानें मगरींची संख्या फार घटली, तेव्हां १९७२ च्या कायद्यानें त्यांस संरक्षण मिळालें. १९७५ सालीं भारत सरकारनें संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें अंडीं उबवून, पिलें वाढवून, पुन्हां पाण्यांत सोडण्याची योजना हातीं घेतली. आपल्याकडे ताडोबा येथें १९७७ पासून हें कार्य सुरू झालें. बंदिवासांत मगरी इतक्या वाढल्या कीं, कांहीं केंद्रांना त्यांची पैदासच आवरावी लागली. कारण उघड होतें. मुली उपवर झाल्या, पण स्थळें कोठें होतीं? नद्यांवर धरणें झालीं, कांठची वाळू उपसली गेली आणि माणसांची वस्ती पाण्यास भिडली.

माहेर कितीही मायेचें असलें तरी मुलीचें सारें आयुष्य तेथें जावें अशी आईबापांची इच्छा नसते. मनुष्याच्या हातून खाण्याची संवय जडलेल्या किंवा पंगु झालेल्या जीवास माहेरीं ठेवणें हा धर्मच होय, आणि हेमलकसा येथें तो निष्ठेनें पाळला जातो. परंतु बाकीच्यांसाठीं वाहती नदी व भरलेलें तळें हेंच खरें घर. हौद बांधण्यास एक हंगाम पुरतो. तळें राखण्यास पिढ्या खर्चीं पडतात. परतीच्या वाटेवर अर्जुनीकडील तळीं पुन्हां दिसूं लागलीं, तेव्हां त्या जुन्या कोहळ्यांची थोरवी आम्हांस अधिक कळली. त्यांनीं भातासाठीं पाणी अडविलें खरें, पण पाखरें, मासे आणि जलचर यांचेंही घर त्यांच्या हातून आपोआप बांधलें गेलें. वाचकहो, मुलांना मगरी अवश्य दाखवा. मात्र त्याच दिवशीं आपल्या गांवचें तळेंही दाखवा, आणि त्याची आज काय अवस्था आहे हें त्यांनाच सांगूं द्या.