शंभर पेशी

फुप्फुसातून सुईने काढलेला तुकडा माझ्यापर्यंत येतो तेव्हा तो शेवईच्या तुटक्या काडीएवढा असतो, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला. मायक्रोटोमवर त्याचे चार मायक्रॉनचे काप घ्यायचे, कोमट पाण्यावर सोडायचे, काचेवर उचलायचे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये कित्येक वर्षं मी हेच करते आहे.

पीडी-एल१ची तपासणी आली आणि एकेका कापाची किंमत कळली. कर्करोगाच्या पेशीवर हे प्रथिन असलं, की तिला मारायला आलेली टी-पेशी थंडावते. इम्युनोथेरपी ही अडवणूक मोडते. तपासणीत अशा पेशींची कड तपकिरी होते. शंभरात ५० किंवा जास्त पेशी तशा निघाल्या आणि ईजीएफआर, एएलकेसारखे जनुकीय बदल नसले, तर किमोशिवाय नुसत्या इम्युनोथेरपीचा विचार करता येतो. मात्र मोजायला किमान १०० शाबूत कर्करोगपेशी लागतात.

एकदा ब्लॉक ट्रिम करताना माझा हात घाईत चालला. जनुकीय तपासण्यांसाठी काप आधीच गेले होते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम बराच वेळ मायक्रोस्कोपमधून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "साठ-सत्तरच आहेत गं."

पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागणार होती. त्यांची बायको लॅबच्या खिडकीशी आली. "ताई, पहिला तुकडा पुरला का नाही?"

"माझ्याकडून जास्त कापला गेला," मी खरं ते सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांना सुईची फार भीती वाटते हो."

त्या दिवसापासून फुप्फुसाचा ब्लॉक एकदा मशीनवर लावला, की पुढच्या सगळ्या तपासण्यांचे काप मी एका बैठकीतच काढून ठेवते. पुन्हा लावताना समतल करण्यात वाया जातं तेच फार असतं.

दुसऱ्या तुकड्याची स्लाइड मॅडमनी मलाही दाखवली. आधी शेजारचा टॉन्सिलचा कंट्रोल: रंग बरोबर चढला होता. मग गाठ. काजळी खाऊन काळवंडलेल्या मॅक्रोफेज पेशीही मधूनमधून तपकिरी झाल्या होत्या. त्या कर्करोगाच्या नाहीत, म्हणून वगळून मोजायचं. टी-पेशी दाखवणाऱ्या सीडी-८च्या स्लाइडवर त्या गाठीच्या काठाशी दाटल्या होत्या, आत तुरळक. आत शिरलेल्या असल्या तर औषध लागू पडण्याची शक्यता वाढते, पण या मोजणीवर अजून कोणाचं औषध ठरत नाही.

रिपोर्ट ६० टक्क्यांचा आला. खिडकीशी बाईंनी विचारलं, "म्हणजे चांगलं ना?"

जास्त टक्के असून औषध न लागलेले पेशंट मला माहीत होते, शून्य असून लागलेलेही. "आता औषधाचा विचार करता येईल," मी म्हणाले. "बाकी डॉक्टर सांगतील."

"म्हणजे परत सुई नाही?"

"या तपासणीसाठी नाही."