लघवीची गोळी

आमच्या घरात तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही. आजोबांच्या वेळेपासून ती ‘लघवीची गोळी’. तालुक्याला जायचं असलं की आजोबा त्या दिवशी ती बिनदिक्कत गाळायचे, कारण एसटी मध्येच थांबवणार कोण? त्या काळी रक्तदाबावरच्या या गोळीचा, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइडचा, डोस दांडगा असे, ५० ते १०० मिलिग्रॅम. रात्री त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि आजी तेल चोळत बसायची. लघवीवाटे पोटॅशियमही निघून जातं, हे आमच्याकडे कुणाच्या गावी नव्हतं.

या थायाझाइड कुळातलं पहिलं औषध, क्लोरोथायाझाइड, अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं. १९५८ साली ते बाजारात आलं. तोवर रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. सर्पगंधा मात्र होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. पुढे एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतल्या १४३ माजी सैनिकांवर केलेल्या अभ्यासात सर्पगंधेतलं रेसरपीन, थायाझाइड आणि हायड्रॅलझीन ही औषधं एकत्र दिली. वाढलेला दाब उतरवला तर पक्षाघातासारखी संकटं टळतात, हे १९६७ साली त्यातून ठसठशीत दिसलं. आपली मुळी त्या गोळीशेजारी होती, याचं मला उगाचच कौतुक वाटतं.

गोळीचं काम मिठापाशी सुरू होतं. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या गाळलेलं मीठ परत रक्तात ओढून घेतात. ही गोळी त्यांना थोडं अडवते. मीठ बाहेर पडतं आणि पाणी त्याच्यामागोमाग जातं. पण काही आठवड्यांनी रक्तातलं पाणी बरंचसं पूर्ववत होतं, तरी दाब उतरलेलाच राहतो, कारण तोवर रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. त्या नेमक्या का सैलावतात, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही.

वडिलांच्या वाट्याला ती २५ मिलिग्रॅमची आली. तिच्यामुळे युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा टमटमीत सुजला, तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं. माझ्या पट्टीत ती १२.५ मिलिग्रॅम आहे, टेल्मिसार्टनच्या सोबतीने एकाच गोळीत. लहान डोसाने दाब जवळजवळ तेवढाच उतरतो आणि उपद्रव कमी होतो, हे कळायला दोन पिढ्या गेल्या. नव्या, महागड्या औषधांपुढे ही म्हातारी टिकेल का, असंही विचारून झालं. तेहतीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘ऑलहॅट’ अभ्यासात तिचीच चुलत बहीण क्लोरथॅलिडोन मुख्य कसोटीत त्यांच्या बरोबरीने उतरली. निकाल २००२चा.

जेवताना पापड आणि लोणचं दोन्ही घ्यायचं आणि मग मीठ काढणारी गोळी गिळायची, हा आमचा घरंदाज विनोद अजून चालू आहे.

तुमच्या घरात कुणी वयस्क माणूस ही गोळी घेत असेल आणि एकाएकी गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर वयाला दोष देत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातलं सोडियम तपासून घ्या; मीठ काढणाऱ्या या गोळीने ते घसरू शकतं.