काळीतून पांढरीत



दिवाळीपासून पेजवर फारसं लिहिणं झालं नाही. हरभऱ्याचं काय झालं म्हणून बऱ्याच जणांचे फोन आले. कारण असं, की एकतीस वर्षं शेतातल्या वस्तीवर काढून आम्ही दोघं नवरा-बायको परत गावात, आईजवळ राहायला आलोय. जुन्या घराला लागून बांधकाम काढलं होतं. ही नोंद त्याचीच. शेतीबाहेरची वाटेल, पण माती, पाणी आणि रात्रीची लाईट हे तिन्ही विषय तिच्यात आहेत.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या गावात घरं पडली नाहीत, पण आमच्या माळवदाच्या मागच्या भिंतीला पोट आलं. इकडची जुनी घरं तुम्हाला माहीतच आहेत. दगड-मातीच्या अडीच-तीन फुटी भिंती आणि वर दीड-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात थंडगार, पण हललं की सगळं वजन अंगावर. वडिलांनी पंधरा दिवसांत शेतात पत्र्याचं शेड मारलं आणि आम्ही सगळे तिकडं गेलो. दोन वर्षांनी भिंत उतरवून बांधली, आई-वडील गावात परतले. मी जनावरं आणि बोअरपायी वस्तीवरच राहिलो.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई आता ऐंशीला आली. सकाळ-संध्याकाळ आमचा डबा तीन किलोमीटरवरून गावात जायचा. वडील गेल्यावर तिला महिनाभर वस्तीवर आणून बघितलं. करमलं नाही. "हितं दिस मावळला की कुत्रं बी बोलंना," म्हणाली. तिचं म्हणणं खरं होतं. गावात तिला देऊळ आहे, शेजारच्या चार बाया आहेत, दारावरून जाणारा प्रत्येक माणूस विचारून जातो. वस्तीवर आम्ही दिवसभर रानात, ती खाटेवर एकटी.

गेल्या श्रावणात ती न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण शेजारीण विरजण मागायला येईपर्यंत दोन तास तशीच पडून होती. त्या दिवशी ठरलं, ती येत नसेल तर आपण जायचं.

पण जागा वडिलांच्या नावची. वारसा लागून आईचं, माझं, पुण्यातल्या धाकट्या भावाचं आणि बहिणीचं अशी चार नावं आहेत. २००५ च्या कायद्यानंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे अजूनही काही जणांना पटत नाही, पण आहे ते आहे. दिवाळीत तिघं बसलो. बहीण लगेच हो म्हणाली. भाऊ बराच वेळ गप्प होता. शेवटी बोलला, "दादा, तू बांधलंस की ती जागा तुझीच झाली असं उद्या गाव म्हणंल." मला राग आला होता. रात्री विचार केला तेव्हा वाटलं, मी पुण्यात असतो तर मीही हेच विचारलं असतं. आम्ही लिहून काढलं: खर्च माझा, बांधकाम आईच्या सोयीसाठी, जागेतला कुणाचाही हिस्सा कमी-जास्त होत नाही, पुढं वाटणी झाली तर बांधकामाची किंमत धरायची. वकिलाला दाखवून सह्या केल्या आणि मगच ग्रामपंचायतीत परवानगीचा अर्ज दिला. भावानं जाताना आईच्या संडासाचा सगळा खर्च मी देतो म्हणून पैसे ठेवले.

आता बांधकामाचं. बारा बाय चौदाची खोली, आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, सहा बाय आठचं संडास-बाथरूम. भिंतीसकट साडेतीनशे चौरस फूट. खर्च साडेपाच लाखाच्या आत बसला, कारण मुरूम, पाणी आणि वाहतूक घरची. सोयाबीन त्यातच गेलं. २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ होता, आणि आमचं सुटलं चार हजार शंभरनं.

काळ्या रानात बांधणाऱ्याला माहीत असतं, माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि भिंत उचलते. म्हणून तिथं काळी काढून मुरमापर्यंत जावं लागतं. गावठाणातली पांढरी तशी फुगत नाही. पण ती शेकडो वर्षांच्या पडक्या घरांची, राखेची माती. म्हणजे भराव. त्यात काय दडलंय ते वरून दिसत नाही.

खड्ड्यांची आखणी झाली तेव्हा आई काठी टेकत आली आणि एका खुणेवर काठी आपटून म्हणाली, "हितं पेव हाय." मिस्त्री हसला. खणलं तर चार फुटांवर पेवाचं तोंड लागलं, वर फरशी घातलेलं. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच पेवातली ज्वारी घरानं खाल्ली, हे तिनं तिथंच उभं राहून सांगितलं. पेव लागलं तर कुणालाही आत उतरू देऊ नका. बंद पेवात हवा कोंडून खराब झालेली असते, माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेलाही पडतो. आम्ही तोंड उघडं ठेवलं, कुणी उतरलं नाही. वरूनच दगड-मुरूम टाकून पाणी मारत थराथरानं भरलं आणि इंजिनिअरच्या सल्ल्यानं कॉलम तीन फूट सरकवला. तिनं सांगितलं नसतं आणि खड्डा अलीकडंच थांबला असता, तर कॉलम नेमका पोकळीवर आला असता.

बाकीच्या कामाच्या गोष्टी थोडक्यात:

१. नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवली नाही. जुनी बसायची तेवढी बसलेली, नवी अजून बसणार. दोन्ही जोडल्या की तडा जातो. मध्ये इंचभर फट ठेवून थर्मोकोल भरलं, पावसाच्या बाजूनं वर पत्र्याची पट्टी.

२. नवं जोतं जुन्याच्या पातळीला, मधल्या दाराला उंबरा नाही. दार तीन फुटी. उद्या वॉकर किंवा खुर्ची लागली तर जाईल.

३. बाहेरचा उतार एक फूट उंचीला बारा फूट लांब. आमचं जोतं दीड फूट, म्हणजे अठरा फूट झाला. अंगणात वळण देऊन बसवला.

४. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. फरशी खरबरीत, कमोडशेजारी भिंतीला पक्का दांडा.

५. नळाला चौथ्या दिवशी पाणी, म्हणून वस्तीवरून टँकर आणला. स्लॅबवर कांद्यासारखे वाफे बांधून चौदा दिवस पाणी तुंबवलं. भिंतींना ओलं गोणपाट.

६. जुन्या माळवदावरची माती बरीच उतरवून वजन कमी केलं. पावसासाठी वर पत्रा टाकला. सात ट्रॉल्या माती निघाली. पूर्वी ही पांढरी लोक खत म्हणून रानात नेत. पण तिच्यात क्षार असू शकतात. आधी तपासणीला नमुना दिलाय, अहवाल येईपर्यंत ढीग बांधावरच आहे.

आमचा बेत होता, आईनं नव्या खोलीत झोपायचं, संडास जवळ म्हणून. ती तयार नाही. "नव्यात तुम्ही झोपा. मी माझ्या खणात." भूकंपाची धास्ती माझ्या मनातून गेलेली नाही, म्हणूनच माती उतरवली. शेवटी तिची खाट मधल्या दाराशी सरकवली, दार रात्री उघडंच असतं. चूलही तिनं सोडली नाही. तिची भाकरी ती करते, कालवण आमच्या गॅसवरचं. माझी बायको पहिल्या आठवड्यात थोडी नाराज होती, आता म्हणते, "त्यांचा हात चालतोय तोवर चालू द्या."

वस्तीवर मुलगा आणि सून आहेत. रात्रपाळीच्या लाईटच्या आठवड्यात मोटार तोच बघतो. पहिले काही दिवस रात्री दोनला मला आपोआप जाग यायची आणि मी फोन लावायचो. चौथ्या रात्री तो म्हणाला, "आण्णा, झोपा आता, पाणी चालू हाय." आता लावत नाही. सकाळी सहाला मोटारसायकलवर रानात असतो.

ज्यांची आई किंवा वडील गावात एकटे आहेत त्यांनी एवढंच करा: एकदा त्यांच्या न्हाणीच्या दाराची रुंदी मोजा, आणि रात्री उठल्यावर खाटेपासून तिथपर्यंत किती पायऱ्या, किती अंधार आहे ते स्वतः चालून बघा. बांधकाम करायचं की नाही ते नंतर ठरवता येईल.

हरभरा परवा काढला. उतारा आणि मर किती लागली ते पुढच्या नोंदीत.