घाट उतरताना

फोटो म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बारसं, मुंज, वाढदिवसाचा केक. नाहीतर सहलीला गेल्यावर धबधब्यापुढे ओळीनं उभी केलेली मुलं. नुसत्या डोंगराचा फोटो काढणारी बाई दिसली, की लोक वळून बघतात. मी रोज काढते, त्यामुळे आता मला त्याची सवय झाली आहे!

मी राहते वाईत आणि अर्धवेळ शिकवते पाचगणीच्या एका शाळेत. मधे पसरणीचा घाट. अंतर १२-१३ किलोमीटर, पण तेवढ्यात सुमारे ६०० मीटर खाली उतरायचं असतं. सकाळी चढताना डोक्यात डबा, गॅस बंद केला की नाही, आणि चौथीच्या वह्या. बाहेर बघतं कोण? येताना मात्र दिवस मागं पडलेला असतो आणि स्वयंपाक अजून पुढं असतो. हा मधला पाऊण तास माझा.

तुम्ही म्हणाल, चांगला कॅमेरा असेल. छे हो! साधा मोबाईल, तोही ह्यांनी नवा घेतल्यावर माझ्याकडे आलेला. पण काही गोष्टी रोजच्या सरावानं कळल्या, त्या सांगते. आधी भिंग पुसा. आपल्या फोनवर कणकेची बोटं असतात, अन् मग सगळा डोंगर धुक्यातला दिसतो. एसटीची काच बंद असेल तर फोन काचेला अगदी टेकवून धरा, म्हणजे आपलंच प्रतिबिंब मधे येत नाही. पडद्यावर उजळ आभाळावर बोट टेकवलं, तर ढग पांढरेफटक पडत नाहीत आणि डोंगराची कड स्वच्छ उठून दिसते. आणि लांबचं जवळ आणायचा मोह टाळा, चित्राची रांगोळी विसकटते. खिडकीतून हात मात्र बाहेर काढायचा नाही, घाटात समोरून गाड्या घासून जातात.

खरं तर मला चालत्या गाडीपेक्षा सुटायच्या आधीची वीस मिनिटं आवडतात. शाळा सुटल्यावर मी दरीच्या कडेला जाऊन उभी राहते. पर्स पोटाशी घट्ट धरून, कारण तिथली माकडं फार हुशार! खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी, पलीकडे पांडवगड. सूर्य पश्चिमेला कलला की उजेड तिरपा येतो आणि डोंगराची एकेक घडी सावलीनं वेगळी होते, निऱ्या घातल्यासारखी. दुपारी बाराला तोच डोंगर इस्त्री केल्यासारखा सपाट दिसतो. म्हणून फोटोला संध्याकाळच बरी.

जागा रोज तीच ठेवायची. जुलैत नुसतं पांढरं धुकं. सप्टेंबरात कडेला पिवळी सोनकी. ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी. मार्चमधे गवत वाळलेलं आणि कुणीतरी लावलेल्या वणव्याचे काळे पट्टे. ते बघून जीव हळहळतो, पण तेही मी काढून ठेवते.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. आमच्या सासूबाईंचं माहेर धोमच्या धरणात गेलं. तेव्हा त्या परकऱ्या पोरी होत्या. गुडघ्यांमुळे गेली तीन वर्षं त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. मागच्या एप्रिलमधे सहज त्यांना फोटो दाखवला, तर त्यांनी चष्मा पुसला आणि फोन हातातून सोडेचनात. पाणी खाली गेलं होतं, काठाची माती उघडी पडली होती. “ह्या सोंडेच्या खाली आमची हळद असायची,” म्हणाल्या. लग्नाला पंधरा वर्षं झाली माझ्या, पण त्यांच्या माहेरच्या शेताचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग रोज एक फोटो, आणि त्यावर त्यांची एक गोष्ट. विहीर कुठं होती, जत्रेला कुठल्या वाटेनं जायचे, सामान बैलगाडीत भरताना त्यांच्या आईनं जातं मागं ठेवायला कसा नकार दिला. मी ते एका वहीत लिहून ठेवते. भाजी चिरताना ऐकायचं आणि रात्री लिहायचं.

दिवाळीत ह्यांनी विषय काढला. अर्ध्या पगारात जाणं-येणं, वर दगदग. तेवढ्यात घरी शिकवण्या घेतल्या तर दोन पैसे जास्तच मिळतील. हिशेब चुकीचा नव्हता. २०२३ सालापासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, एवढंच मी म्हणू शकले. सासूबाई ताक घुसळत होत्या. रवी न थांबवता म्हणाल्या, “जाऊ दे रे तिला. ती गेली नाही तर मला गावाकडं कोण नेणार?”

ह्यांना काही उमजलं नाही. मी वही आणून पुढं ठेवली. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीतला दिवा जळत होता.

शिकवण्यांचा विषय तूर्त मागं पडलाय. परवा ह्यांनीच विचारलं, पाणी किती उतरलं? सासूबाईंचा हुकूम आहे की या खेपेला ती सोंड जरा डावीकडे घे, विहिरीची जागा कापली जाते.