सकाळच्या चहाबरोबरची गोळी

गेल्या वर्षी श्रावणात मोरीच्या उंबऱ्यावर पाय घसरला. जिन्यावरून पडले नाही की स्टुलावरून पडले नाही. उभ्या जागी कोसळले, उजवा हात टेकला आणि मनगटात काडकन वाजलं. एक्स-रे बघून हाडांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "काकू, एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं. पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

अकरा. सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली.

हाताचं दुखणं सोसवत होतं. जिवाला लागलं ते वेगळंच. गेली सहा वर्षं मी एक दिवस न चुकवता कॅल्शियमची गोळी घेत होते. गावाला गेले तरी पर्समध्ये पाकीट असायचं. मग हाड ठिसूळ झालंच कसं?

प्लास्टर निघाल्यावर डेक्सा तपासणी केली. यंत्राखाली दहा-पंधरा मिनिटं निजून राहायचं, सुई नाही, दुखणं नाही. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.९ आला. तरुण निरोगी बाईच्या हाडाशी आपल्या हाडाची केलेली ही तुलना असते, आणि आकडा उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. डॉक्टरबाईंनी घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन यायला सांगितलं. मी स्टीलचा डबाच नेला आणि त्यांच्या टेबलावर रिकामा केला.

"ही कधी घेता?"

"सकाळी उठल्याबरोबर थायरॉईडची. पाच मिनिटांनी चहा, आणि चहाच्या घोटाबरोबर कॅल्शियम. म्हणजे विसरायला होत नाही."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कॅल्शियमचं पाकीट उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलीग्रॅम, आणि त्याखाली: त्यातलं कॅल्शियम ५०० मिलीग्रॅम. कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम शेकडा चाळीसच असतं. शिवाय ते पचायला पोटात आम्ल लागतं, म्हणून ही गोळी जेवणावर घ्यायची. सायट्रेटची असली तर उपाशीपोटी चालते. माझी कार्बोनेटची होती आणि सहा वर्षं ती नुसत्या चहावर पोटात जात होती.

त्याहून वाईट पुढे होतं. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, तिला रक्तात नीट उतरू देत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. मागच्या तीन वर्षांत माझा थायरॉईडचा डोस ५० वरून ७५ आणि ७५ वरून १०० मायक्रोग्रॅमवर गेला होता. दर वेळी डोस वाढला, पण कॅल्शियम कधी घेता, हे मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणावर नेल्यावर दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तर १०० चा डोस जास्त व्हायला लागला होता. तो कमी करावा लागला, कारण थायरॉईडचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर त्यानंही हाड झिजतं.

मग हिशेब मांडला. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, पण स्वतःच्या ताटाचा हिशेब पहिल्यांदाच केला. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत आहे. दूध-दही मिळून अर्धा लिटर घेतलं की ६०० च्या आसपास. नाचणीच्या एका भाकरीचे दोनशेच्या आत-बाहेर. वर चमचाभर तीळकूट, पालेभाजी, डाळ. उरलेल्यासाठी एक गोळी पुष्कळ झाली. शेजारणीनं सुचवलेली दुसरी गोळी आणि महागड्या पावडरीचा डबा मी बंद केला. जास्तीच्या कॅल्शियमनं हाड जास्त घट्ट होत नाही. अमेरिकेत ३६ हजारांवर बायकांना सातेक वर्षं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एका टक्क्यानं सरस निघाली आणि मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले.

ड जीवनसत्त्व माझं फारच कमी निघालं. त्यासाठी ६० हजार युनिटची गोळी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, जेवणावर किंवा दुधाबरोबर. हे 'आठवड्यातून' मी कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवलं, कारण आमच्या वन्संनी हीच गोळी दीड महिना रोज घेतली होती. उलट्या, बद्धकोष्ठ, बोलण्यात असंबद्धपणा. रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलं होतं, पाच दिवस सलाईनवर होत्या.

एवढं सगळं सुधारल्यावर मी विचारलं, "आता हाड भरून येईल ना?" डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या. वाळू-सिमेंट दारात आणून टाकलं म्हणून भिंत उभी राहत नाही. हाडात मोडणं आणि बांधणं कायम चालूच असतं. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन त्या मोडण्याला आवर घालतं. ते गेलं की मोडणं पुढे जातं, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत झीज सर्वांत वेगानं होते. इतकं झिजलेलं हाड नुसत्या कॅल्शियमवर सावरत नाही, त्याला औषध लागतं. मला अॅलेन्ड्रोनेट ७० मिलीग्रॅम दिलं. दर रविवारी उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तेवढा वेळ मी अंगणात फेऱ्या मारते.

बायांनो, घरातलं कॅल्शियमचं पाकीट आज उलटं करून वाचा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तास ठेवा. आणि पाळी गेल्यावर साध्या पडण्यानं हाड मोडलं, तर प्लास्टर निघालं म्हणून गप्प बसू नका. डेक्सा करून घ्या.