झेंडू, घायपात आणि एक कणीस

मंडळी, ही २०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. लिहू की नको यात बरेच दिवस गेले. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, लिहा. फक्त त्या घोटाचं तेवढं लिहू नका." पण इतिहास शिकवलेल्या माणसाने सोयीचं तेवढं गाळायचं म्हणजे कठीणच. तेव्हा घोटाचंही येईल.

तर मी तेव्हा फ्लोरिडात मुलीकडे होतो. दिवाळीच्या आदल्या शनिवारी आम्ही सगळे ऑरलँडोजवळच्या एपकॉटला गेलो. डिस्नेवाल्यांचं हे उद्यान १९८२ सालचं. त्याच्या एका भागात मोठ्या तळ्याभोवती अकरा देश मांडून ठेवलेत. (त्यात भारत नाही, याची मी नोंद घेतली.) पावसाळा सरता सरता इथे खाद्यमहोत्सव सुरू होतो आणि तळ्याकाठी देशोदेशींचे ठेले लागतात. पालीच्या खंडोबाची जत्रा डोळ्यांपुढे आणा, फक्त भंडारा आणि धूळ वजा करा. सात-आठ डॉलरला द्रोणाएवढी बशी मिळते, दोन घासांची. मी मनातल्या मनात चौऱ्याऐंशीने गुणत होतो. नातीने ते ओळखलं आणि म्हणाली, "आबा, नो मॅथ!"

डावीकडून निघालं की पहिला देश मेक्सिको. पायऱ्यापायऱ्यांचा मोठा पिरॅमिड आणि समोर पाण्याकाठी खाण्याचे ठेले. मी शाकाहारी असल्यामुळे मुलगी आधी सगळं विचारून यायची. पहिल्यांदा आणला टोस्टाडा, म्हणजे मक्याची कडक तळलेली पुरी आणि तिच्यावर शिजवून घोटलेला घेवडा, टोमॅटो, कोथिंबीर, वर लिंबू. पहिला घास घेतला आणि म्हटलं, अरे, हे तर ओळखीचं आहे! मग माझ्यातला मास्तर जागा झाला. चौतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलाय, कुणी ऐको न ऐको, तो बोलणारच.

मका मूळचा इथला. हे लोक तो चुन्याच्या पाण्यात उकळून मग दळतात. चुन्यामुळे साल सुटतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, पण चुना इथेच विसरला. तिकडे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना त्यापायी पुढे पेलाग्रा नावाचा रोग जडला. मिरची इथली. टोमॅटोचं नावसुद्धा इथल्या नावात्ल भाषेतल्या 'टोमात्ल'वरून आलेलं. पेरू, पपई, सीताफळ, चिकू ही सगळी अमेरिका खंडातली मंडळी पोर्तुगीज-स्पॅनिशांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. शिवाजी महाराजांच्या दोनशे वर्षं आधीच्या मराठी माणसाच्या ताटात तिखट होतं ते मिऱ्याचं आणि आल्याचं. उलट दिशेनेही माल गेलाच. तिथे एका पिंपात चिंचेचं सरबत होतं. चिंच मूळची आफ्रिकेची, पण अरबांनी तिला हिंदचं खजूर म्हटलं आणि स्पॅनिशमध्येही ती 'तामारिंदो'च राहिली. दुसरं सरबत लालभडक होतं. चव घेतल्यावर कळलं, ही आपली लाल अंबाडी! तिसरं पांढरं, तांदूळ आणि दालचिनीचं, नाव ओर्चाता. ते मला फार आवडलं. दोन पेले प्यालो.

हे सगळं सांगताना मला आमच्या स्वयंपाकघरातला एक प्रसंग आठवला. एका आषाढीला मी हिला म्हटलं होतं, "अगं, तुझ्या खिचडीतला साबुदाणा, दाणे, बटाटा, मिरची सगळं अमेरिकेतलं. पाचशे वर्षांपूर्वी हा उपासच करता आला नसता." तिने झारा थांबवला नाही. "मग आता काय, उपास मोडला म्हणायचा?" एवढंच म्हणाली. हा किस्सा मी शाळेत बऱ्याचदा सांगितलाय आणि प्रत्येक वेळी वर्ग हसलाय.

आता घोट. जावयांनी मार्गारिटा घेतली होती. पेल्याच्या काठाला मीठ-तिखट लावलेलं. तिच्यात टकीला असते आणि टकीला होते निळसर घायपाताच्या गड्ड्यापासून. घायपात! आमच्याकडे बांधाला लावतात ते आणि ज्याच्या वाखाचे दोर वळतात तेही याच कुळातलं. तेही मेक्सिकोचंच पोर. लहानपणी त्याचे काटे पायात मोडून घेतलेला माणूस मी, म्हटलं, रस काय लागतो ते तरी बघू. सत्त्याहत्तराव्या वर्षी पहिला घोट घेतला. काठावरचं मीठ चांगलं होतं. बाकी घशात काटा मोडल्यासारखं वाटलं. अण्णाकाका, हे वाचत असाल तर फोन करू नका.

मग पिरॅमिडच्या आत गेलो. आत कायमची संध्याकाळ असते. छत गडद निळं, खाली दिव्यांचा बाजार, पलीकडे पाणी आणि दूर एक ज्वालामुखी. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत असताना आत एकदम कातरवेळ. तिथे एका बाजूला त्यांच्या मृतांच्या दिवसाची आरास होती. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत गेलेली माणसं घरी भेटायला येतात, अशी श्रद्धा. त्यांच्यासाठी फोटो, मेणबत्त्या, पाणी, पाव आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात. आणि सगळीकडे झेंडू! पिवळे-केशरी ढीगच्या ढीग. दसऱ्याला आपण ज्याची तोरणं लावतो तो झेंडूही याच मातीतला. त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे येणाऱ्याला घर सापडतं. आपल्या पितृपक्षासारखंच, पण कावळ्याची वाट बघणं नाही आणि चेहरे लांब नाहीत.

मी हे नातीला समजावत होतो. ती म्हणाली, "आबा, मग आजीसाठी तुम्ही काय ठेवाल?"

"पुरणपोळी," मी लगेच म्हटलं. वर्षश्राद्धाला तीच केली होती.

मुलगी झेंडूकडे बघत होती. तशीच म्हणाली, "ती तुम्हाला आवडते, बाबा."

"बरं, मग साबुदाण्याची खिचडी."

"तीसुद्धा तुम्हालाच. आईला साबुदाण्याने जळजळ व्हायची."

ही गेली मे २०२१ मध्ये. मुलगी येऊ शकली नाही. आली असती तर त्या दिवसांत परत जाता आलं नसतं, इथे नात लहान. शेवटचं दर्शन तिने फोनवर घेतलं, तेही मध्येच तुटलं. त्यानंतर आम्ही दोघं तिच्याविषयी कधी धड बोललो नव्हतो. आणि बोलायला जागा मिळाली ती ही, पुठ्ठ्याच्या ज्वालामुखीसमोर. मी आठवू लागलो. एकेचाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलो. ती शेवटी बसायची, तोवर मी वह्या तपासायला बसलेला असे. तिच्या पानात काय असायचं ते मला डोळ्यांपुढे आणता येईना. ओर्चात्याची पाककृती मी तेव्हा घडाघडा सांगितली असती.

"मग काय आवडायचं तिला?" मी विचारलं.

"कणीस," मुलगी म्हणाली. "वाईच्या स्टँडबाहेर पावसाळ्यात निखाऱ्यांवर भाजून मिळायचं ना, ते. तुमची शनिवारी सभा असली की आम्ही दोघी जायचो. तिखट-मीठ-लिंबू चोळून. आई पदराआड धरून खायची. मला सांगायची, बाबांना बोलू नकोस, मास्तरांची बायको रस्त्यावर खाते म्हणतील."

हे वाक्य माझं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात पसरणीच्या घाटात एसटी थांबली असताना तिने कणीस मागितलं, तेव्हा मी म्हटलेलं. मी विसरलो होतो.

बाहेर आलो. जावयांनी काही न विचारता कणसाची बशी आणली. इथे त्याला एलोते म्हणतात. भाजलेलं कणीस, वर लाल तिखट आणि लिंबू. शिवाय मेयोनेज आणि किसलेलं चीज, ते मी कागदाने पुसून काढलं. तळ्याकाठच्या कठड्याला टेकून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत, मी आणि मुलगी एकाच कणसाचे दाणे सोलून खाल्ले. ती मध्येच रडली आणि मध्येच हसली. नातीने फोटो काढायला फोन उचलला, मग खाली ठेवला.

त्या वर्षी २ नोव्हेंबरला आपला पाडवा होता. एरवी पाडव्याला ही मला ओवाळायची आणि मी ताटात पाकीट टाकायचो, तेही सालाबादचं. त्या सकाळी मी जावयांबरोबर दुकानात जाऊन झेंडू आणि चार कणसं आणली. इथला मका फार गोड आणि ओला, लवकर भाजत नाही. गॅसच्या ज्योतीवर धरून बसलो. तिखट-मीठ-लिंबू मी स्वतः चोळलं. फोटोसमोर ताटली ठेवली आणि नातीने दारापासून फोटोपर्यंत पाकळ्या टाकल्या. दुसरं कणीस भाजताना धूर जरा जास्त झाला आणि छतावरचा भोंगा घर दणाणून वाजायला लागला. जावई खिडक्या उघडायला धावले, नात खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालू लागली आणि मुलगी फोटोकडे बघून म्हणाली, "आई, आता सगळ्या गल्लीला कळलं गं!"